बेगडेवाडीचे दर्यासारंग

आपल्याकडे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची रेल्वेची पद्धत आहे. ती कोणी वाचत नाही. लोकल पकडायला धावणाऱ्याला आपण समुद्राच्या किती वर आहोत यापेक्षा गाडीच्या किती मागे आहोत याची चिंता असते. पुणे-लोणावळा मार्गावर ही ओळ मन लावून वाचणारा माणूस मी एकच पाहिला. "बघा," ते म्हणतात, "हिमालयात जा नाहीतर हिंजवडीत, मोजायची वेळ आली की सगळ्यांना समुद्रच आठवतो. आणि वाचवायची वेळ आली की?" एवढं बोलून ते थांबतात. पुढचं वाक्य समोरच्याने म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते. तोवर समोरच्याची गाडी आलेली असते.

हे आमचे दर्यासारंग. राहणार बेगडेवाडी, म्हणजे देहूरोडच्या पुढे आणि घोरावाडीच्या अलीकडे. शेजारी घोरावडेश्वराचा डोंगर, अंगावरून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, आणि समुद्र म्हणाल तर सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत. फक्त मधे सह्याद्री आडवा पडलाय. नाव ठेवलं लोकलच्या भजनी डब्याने. शिवरायांच्या आरमारात दर्यासारंग नावाचा अधिकारी होऊन गेला. आमच्या दर्यासारंगांना पोहता येत नाही.

ही जात दुर्मिळ आहे असं समजू नका. ज्या तालुक्यात वाघ नाही तिथे वाघ वाचवणारा असतोच. ज्याच्या घरात कोणी शुद्ध मराठी बोलत नाही तो मराठी वाचवत असतो. अशा माणसांचा मी एक नियम बसवलाय: वाचवायची वस्तू जितकी लांब, तितका आवाज मोठा. कारण सोपं आहे. लांबची वस्तू उलटून बोलत नाही. देवमासा काही दारात येऊन "तुम्ही माझ्यासाठी नक्की काय केलंत?" असं विचारणार नाही. सोसायटीतला तुंबलेला नळ विचारतो.

दर्यासारंगांनी तीसेक वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. तिथून निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. स्टोअरकीपरला जगातली प्रत्येक गोष्ट आवक-जावकीत दिसते, आणि समुद्र त्यांना दिसला तो असा: एवढं अवाढव्य गोदाम, चोवीस तास उघडं, दारावर रखवालदार नाही. "मासे रोज बाहेर जातायत, गेटपास नाही. वाळू जातेय, चलन नाही. आणि गावोगावचं रिजेक्शन मात्र नदीतून आत येतंय, तेसुद्धा कोणाची सही न घेता!" हे बोलताना त्यांना खरोखर यातना होतात. तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर घातलं आणि वर्तमानपत्रांतून समुद्राचं स्टॉकटेकिंग सुरू केलं. मी ते पाहिलंय. '७ ऑगस्ट २०१०. मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा व खलिजिया या जहाजांची टक्कर. तेल व कंटेनर समुद्रात. शेरा: माल परत मागितलेला दिसत नाही.' त्याखाली, '४ ऑगस्ट २०११. मुंबईसमोर एमव्ही रॅक हे जहाज कोळशासकट बुडालं. शेरा: मागणी नसताना पुरवठा.'

त्यांची एक समिती आहे. तिला नाव नाही, कारण नावावर एकमत होत नाही. सभासद दोन, आणि त्यातल्या एका सभासदाचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, समिती असण्यालाच विरोध आहे. गंमत अशी की काकूंचं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीच्या अलीकडच्या काठावरचं. लहानपणी भरतीचं पाणी परसात यायचं. दर्यासारंग जन्मले पवन मावळात, डोंगराच्या कुशीत. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुलगी बघायला गेले तेव्हा. मुलगी पसंत पडली की समुद्र, याचा खुलासा अजून झालेला नाही. काकूंना या सगळ्या खटाटोपाचं नवल वाटतं. "आमच्याकडे समुद्राला कोणी वाचवत नव्हतं हो," त्या एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या. "बाबा होडीतून परत येईस्तोवर तो आपल्याला वाचवतोय का, एवढंच बघत बसायचो."

समितीचा मोठा सण सप्टेंबरचा तिसरा शनिवार. त्या दिवशी जगभर किनारे साफ करतात. अमेरिकेत, टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ साली हे सुरू झालं, आता आपल्या जुहू-दादरपासून सगळीकडे होतं, आणि आपल्याकडे गणपतीचे दिवस आसपास असल्यामुळे काम कमी पडत नाही. बेगडेवाडीत अडचण किनाऱ्याची. पण स्टोअरमध्ये माणूस पर्यायी माल शोधायला शिकतो. जमीन आणि पाणी भेटतात तो किनारा, अशी व्याख्या करून दर्यासारंगांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखालची जागा मुक्रर केली, कारण टाकी रोज सकाळी वाहते. तिथे आम्ही सातजणांनी हातमोजे घालून तासभर स्वच्छता केली. कचरा म्हणून दोन विड्यांची थोटकं आणि एक बल्ब मिळाला. टाकी अजून वाहतेच.

भाषणात ते हमखास वर्सोव्याचं उदाहरण देतात, आणि ते आहेच देण्यासारखं. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाचा वकील वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि कचरा उचलायला लागला. सोबतीला होते चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी, हरबंश माथूर. पुढे दर शनिवार-रविवारी माणसं जमत गेली, २०१६ मध्ये शाहांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. दर्यासारंगांकडे या बातमीचं कात्रण लॅमिनेट केलेलं आहे. ते लॅमिनेशन प्लास्टिकचं आहे, हे त्यांच्या लक्षात आणून देण्याची चूक लोकलमधल्या एका पोराने केली होती. तो आता पुढच्या डब्यात बसतो.

वर्सोव्याच्या त्या गोष्टीत एक बारकावा आहे, आणि तो आमच्या दर्यासारंगांच्या नजरेतून दर वेळी निसटतो. तिथे आधी दोन माणसं वाकली, मग पुष्कळ माणसं वाकली, आणि भाषणं त्यानंतर झाली.

त्याच २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली. मार्चमध्ये अधिसूचना, जूनच्या शेवटी दंड. दर्यासारंगांच्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ. कारखान्यातून निरोपाच्या वेळी भेट मिळालेला मायक्रोमीटर घेऊन ते देहूरोडच्या भाजीबाजारात उतरले. खरं म्हणजे पिशव्यांवर बंदी सरसकट होती, जाडी मोजायचा प्रश्नच नव्हता. पण घरात मायक्रोमीटर असताना न मोजता बंदी घालणं त्यांच्या जिवावर आलं. कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवून ते प्रत्येक पिशवी जबड्यात धरत, डोळे बारीक करून आकडा वाचत, वहीत टिपत आणि मगच "हीसुद्धा बंद" असं जाहीर करत. भाजीवाल्यांनी त्यांना कॅन्टोन्मेंट बोर्डाचा माणूस समजून चहा पाजला. त्यांनी तो कागदी कपात नको म्हणून परत पाठवला, मग स्टीलच्या पेल्यात घेतला.

मासळीवाल्या मावशींनी मात्र त्यांना कधीच काही समजलं नाही.

तो प्रसंग नीट सांगितला पाहिजे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. त्याच सुमाराला पन्नासांवर जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. कारण उघड आहे. पापलेटच्या पोरांनी एकदा तरी अंडी घालावीत, मग तव्यावर यावं. चंदेरी पापलेटची लांबी ठरली १३५ मिलिमीटर. राज्याचा मासा आणि त्याचं माप, दोन्ही एकाच वर्षात हाती आल्यावर स्टोअरकीपरला आणखी काय हवं? रविवारी सकाळी ते स्टीलची फूटपट्टी घेऊन तळेगावच्या मासळीबाजारात दाखल झाले. मी सोबत होतो, आणि माझा हेतू शुद्ध खाण्याचा होता.

मावशींनी पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. दर्यासारंगांनी एक पापलेट उचललं, पट्टीवर निजवलं.

"काका, घ्यायचंय का मोजायचंय?"

"नियम आहे मावशी. एकशे पस्तीस मिलिमीटर."

"मोजा की मग. पण शेपटीसकट मोजणार का शेपटी सोडून?"

दर्यासारंग थबकले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता.

"आणि मधनं मोजणार का टोकापासनं? तिची शेपूट दुभंगलेली असते," मावशी कोयता धुवत म्हणाल्या. "नीट ठरवून या. तवर पट्टी काढा, गिऱ्हाईक थांबलंय. आणि हा मुंबईवरनं बर्फात येतो, मी पकडत न्हाई. पकडणाऱ्याला सांगायचं तर तिकडं जा की. आम्ही लहान घेत न्हाई, त्याला काटाच लई. राज्यमासा केला म्हणून भाव तेवढा वाढवून ठेवला तुमच्या सरकारनं."

परतीच्या वाटेवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाईला विषयाचा अभ्यास आहे." पापलेट मी घेतलं. मोजून १९० भरलं, शेपटी सोडून.

पावसाळ्यात ते मासे सोडतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण पुष्कळ माशांचा तो विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र होड्यांच्या जिवावर उठलेला. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यात उतरतात. हे दोन महिने दर्यासारंग स्वतः पाळतात ते ठीक, दुसऱ्यांनाही पाळायला लावतात. सोमाटण्याजवळच्या एका ढाब्यावर फळ्यावर 'सुरमई फ्राय' वाचून ते भर जुलैत गल्ल्यावर गेले. "या महिन्यात ही आणलीत कुठून?" मालक म्हणाला, "फ्रीजमधून."

याहून मोठी लढाई म्हणजे जाळ्याची. राज्याच्या कांदळवन कक्षाची आणि मत्स्यव्यवसाय विभागाची २०१८ च्या अखेरीपासून एक चांगली योजना आहे. कासव, डॉल्फिन, बहिरी देवमासा असा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडून दिलं, तर फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो लागतो. मच्छीमाराच्या दयेला सरकारने किंमत मोजली, ही मला गेल्या काही वर्षांतली फार शहाणपणाची गोष्ट वाटते. जाळं म्हणजे त्याचं भांडवल. ते कापायला सांगणारे पूर्वीही होते, पैसे देणारं कोणी नव्हतं. पण आमच्याकडे ही योजना वेगळ्याच मार्गाने पोचली. सोसायटीच्या डक्टला कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीत एक कबूतर अडकलं. दर्यासारंगांनी काकूंची मासे साफ करायची कात्री आणली, चार मजल्यांची जाळी उभी चिरली, कबुतराचा फोटो काढला आणि भरपाईचा अर्ज लिहायला घेतला. 'प्राण्याची जात' या रकान्यापाशी गाडी अडली. दरम्यान उघड्या डक्टमधून तीस-चाळीस कबुतरं आत आली आणि भरपाईचं बिल सेक्रेटरींनी दर्यासारंगांनाच पाठवलं.

खरे लढे अर्थात दुसरीकडे चालू होते. डहाणूजवळच्या वाढवणला मोठं बंदर करायचा घाट नव्वदच्या दशकापासून आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ज्याचे अध्यक्ष होते त्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये ते नाकारलं. पुढे ते पुन्हा वर आलं, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. मधली सगळी वर्षं तिथल्या मच्छीमार बायाबापड्यांनी बंद पाळले, मोर्चे काढले, होड्यांवर काळे झेंडे लावले. ज्याच्या पोटाला चिमटा बसतो त्याच्या घोषणेला वेगळा आवाज असतो. दर्यासारंगांनी पाठिंबा म्हणून बेगडेवाडीच्या फलाटावर लाक्षणिक उपोषण केलं, नाश्त्यानंतर ते रात्रीच्या जेवणापर्यंत. दुपारी लोकल फारशा नसतात, त्यामुळे ते पाहिलं स्टेशनवरच्या एका कुत्र्याने. मला हसू आलं होतं. पण डहाणूला जाऊन मी तरी कुठे उभा राहिलो होतो?

आणि मग वेळास.

मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीच्या मुखाशी असलेलं हे नाना फडणविसांचं गाव आता कासवांसाठी ओळखलं जातं. पूर्वी किनाऱ्यावरची कासवाची अंडी माणसं नेत, उरली तर कुत्री आणि कोल्हे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरलं. रात्री मादी अंडी घालून गेली की ती उचलून कुंपणातल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात पुरायची, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर आली की समुद्रात सोडायची. २००६ पासून त्याचा कासव महोत्सव झाला. घरोघरी पाहुणे उतरायला लागले, आणि अंडी विकण्यापेक्षा पिल्लं दाखवण्यात चार पैसे जास्त आहेत हे गावाला कळलं. लोकांना परवडेल असं पुण्य त्यांच्या दारात आणून ठेवायचं, ही काटदरे मंडळींची हुशारी. उपदेशाने हे झालं नसतं.

सोसायटीची ट्रिप दर्यासारंगांनी नेली. टेम्पो ट्रॅव्हलर, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड. प्रत्येकाला छापील सूचना: भडक कपडे नकोत, फ्लॅश नको, मोठ्याने बोलू नये. शेवटची सूचना त्यांनी माइकवरून वाचून दाखवली.

पहाटे आम्ही दोरीमागे उभे. कासवमित्राने पहिली टोपली उचलली: कोरडी वाळू. दुसरी: कोरडी वाळू. दर्यासारंगांचा चेहरा स्टॉक जुळत नाही तेव्हा होतो तसा झाला. "खड्ड्यात अंडी किती होती? नोंद किती? दिवस किती भरले?" त्या पोराने शांतपणे सगळं सांगितलं. वाळूची ऊब किती, त्यावर दिवस ठरतात. ऊब जास्त असेल तर माद्या जास्त निघतात, कमी असेल तर नर. "म्हणजे डिलिव्हरीची तारीख पक्की नाही, आणि काय निघेल तेही पक्कं नाही?" दर्यासारंग पुटपुटले. "अशाने प्लॅनिंग कसं करायचं?"

संध्याकाळी पिल्लं निघाली. तळहाताएवढीसुद्धा नाहीत, काळपट, ओल्या वाळूवर वल्ही मारत निघालेली. माइक घेऊन आलेला माणूस एक शब्द बोलला नाही. एक पिल्लू भरकटून उलट दोरीकडे यायला लागलं, तसे ते मागे सरता सरता एकदम वाकून त्याला म्हणाले, "अहो, तिकडे, तिकडे." कासवाच्या पिल्लाला 'अहो' म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. काकू या वेळी गुडघाभर पाण्यात साडी खोचून उभ्या होत्या आणि दर्यासारंग कोरड्या वाळूवर. काकूंनी हाक मारली, "अहो, या की. काही होत नाही." ते गेले नाहीत. "लाटेचा भरवसा नसतो," एवढंच म्हणाले.

याच वेळासला २५ जानेवारी २०२२ ला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून तिला सोडलं होतं. पश्चिम किनाऱ्यावर असं यंत्र बसवलेली ती पहिलीच, म्हणून नाव प्रथमा. मागोमाग सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. दर्यासारंगांनी भारताचा नकाशा आणून भिंतीवर टाचण्या लावल्या. प्रथमा गुजरातकडे गेली तेव्हा ते दिवसभर अस्वस्थ होते. "एवढ्या लांब जायची काय गरज होती?" त्यांचा स्वतःचा मुलगा टेक्सासात आहे. त्याची टाचणी नकाशाच्या बाहेर, भिंतीच्या रंगात टोचलेली आहे.

तो नकाशाच त्यांच्या मुळावर आला. सोसायटीत त्यांनी 'आपला कचरा, आपला समुद्र' असं व्याख्यान ठेवलं होतं. स्टेशनकडून येणारा आमचा ओढा, त्यातली कुरकुऱ्यांची पाकिटं, ती वाहत वाहत जाऊन प्रथमाच्या घशात कशी अडकतात, याचं वर्णन इतकं रंगलं की दोन बायकांनी डोळे पुसले. शेवटी प्रश्नांची वेळ. तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली चिंगी उठली.

"आजोबा, आपला ओढा कुठल्या नदीला मिळतो?"

"पवना म्हण, इंद्रायणी म्हण. शेवटी सगळं एकच."

"मग ती भीमेला मिळते."

"शाब्बास."

"भीमा कृष्णेला."

"उत्तम!"

"आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. मग प्रथमाच्या घशात कसं अडकेल? ती तर अरबी समुद्रात आहे."

सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. दर्यासारंगांनी नकाशाकडे पाहिलं. शंभर किलोमीटरांच्या आतल्या ज्या समुद्रासाठी त्यांनी मायक्रोमीटर उचलला, उपास केला, जाळी कापली, त्या समुद्राला बेगडेवाडीतून एक थेंबही जात नव्हता. आमचं पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून हजारावर किलोमीटर उलट्या दिशेला निघालेलं: उजनी, पंढरपूर, श्रीशैल, नागार्जुनसागर, विजयवाडा, आणि मग समुद्र. आमची दुधाची पिशवी वारी करते आणि पंढरपुरावर न थांबता पुढे जाते.

आठ दिवस ते कोणाला दिसले नाहीत. नवव्या दिवशी लोकलच्या दारात प्रकटले, डोळ्यांत चमक. "लोणावळा!" ते म्हणाले. "पळवाट सापडली." पळवाट खरी होती. लोणावळ्याचा पाऊसही निसर्गाच्या हिशेबाने पूर्वेचाच, इंद्रायणीचा. पण टाटांनी वळवण, शिरवटा ही धरणं बांधून ते पाणी नळांतून घाटाखाली सोडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज केली, मुंबईच्या गिरण्यांसाठी. वीज करून झालेलं पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला जातं. डोंगराने पूर्वेला लावलेलं पाणी माणसाने पश्चिमेला फिरवलं. "मग आपलं का नाही?" दर्यासारंग विचारत होते. ओढ्याचं पाणी उचलून वळवणला नेण्याचा तक्ता त्यांच्या पिशवीत तयार होता. आपला कचरा आपल्याच समुद्रात जावा, हा त्यांचा आग्रह होता! भजनी डब्याने त्या दिवशी दोन अभंग जास्त म्हटले.

त्यांना सोडवलं शेवटी कासवांनीच. गुहागरहून २०२३ मध्ये यंत्र बसवून सोडलेली बागेश्री केरळ ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात शिरली. आणि त्याच्याही पुढची कडी म्हणजे, ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने खूणपट्टी लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचं माहेर-सासर. दर्यासारंगांनी बातमी तीनदा वाचली. "म्हणजे गोदाम एकच आहे," ते म्हणाले. "दारं दोन."

रजिस्टरवर 'समुद्र' या शब्दापुढे त्यांनी 'पूर्व व पश्चिम' असं जोडलं आणि आंध्रात, कृष्णा जिल्ह्याच्या कलेक्टरांना, बेगडेवाडीच्या वतीने दिलगिरीचं पत्र लिहिलं. मराठीत. मग तेलुगू हवं म्हणून समोरच्या बांधकामावरच्या मिस्त्रीला गाठलं. तो महबूबनगरकडचा. पत्र ऐकून तो म्हणाला, "समुद्र मी नाही बघितला साहेब. पण कृष्णा आमच्या गावावरून जाते. हा नाला तिकडे येतो?" दर्यासारंगांनी नकाशा दाखवला. मिस्त्री बराच वेळ ओढ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण आपल्या घरच्या पाण्याची चौकशी इथे परदेशात व्हावी याचं आश्चर्य होतं. पत्राचं काम बाजूला ठेवून त्याने खिशातून टेप काढला आणि ओढ्याची रुंदी मोजली.

रविवारी दोघांनी मिळून भंगारातल्या सळया वेल्डिंग करून ओढ्याला आडवी जाळी बसवली. भाषण झालं नाही, कारण मिस्त्रीला मराठी थोडंच कळतं आणि दर्यासारंगांना वेल्डिंगच्या चष्म्यातून बोलता येईना. बुधवारी पाऊस लागला. गुरुवारी सकाळी जाळीशी पिशव्या, थर्माकोल, चपला, एक गादी आणि गेल्या वर्षीच्या दहीहंडीचा फ्लेक्स असा बांध तयार झाला आणि ओढा सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरला. सेक्रेटरी पाण्यातून चालत आले, सोबत गॅसकटर घेतलेला माणूस.

"जाळी कापताय?" दर्यासारंग छत्री घेऊन धावले. "कापा. पण आधी फोटो काढा."

"कशाला?"

"पंचवीस हजार मिळतात."

सेक्रेटरी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारी मिस्त्री आणि त्याची दोन पोरं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हाताला येईल ते बाहेर ओढत होती. गादी त्यांनीच काढली. दर्यासारंगांनी काठावरून दोन पावलं पुढे टाकली, थांबले, चपला काढून काकूंच्या हातात दिल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात उतरले. निम्मा माल वर आला असेल नसेल, तेवढ्यात जाळी तुटली आणि उरलेलं सगळं एकदम आवाज करत पुढे गेलं.

त्यांनी काखेतलं रजिस्टर उघडलं. ओलं झालं होतं. 'जावक' या रकान्यात तारीख घातली, 'महबूबनगर मार्गे' लिहिलं आणि पेन मिस्त्रीपुढे धरलं.

"इथे सही करा. माल घेणार."

मिस्त्रीने वाचलं नाही, हात पुसले. "माल पोचल्याशिवाय सही कशी करू साहेब?" तो म्हणाला. "आणि आला तर परत पाठवीन."